सुक्या थंडीचं जाकीट

सांतान फर्नांडिसला थंडीविषयी कोणी काही शिकवावं, हे त्याला मुळीच मान्य नव्हतं. मालवणच्या बंदरालगत त्याचा बर्फाचा कारखाना. दर्यावर जाणारी होडी आधी त्याच्या दारात थांबणार, बर्फ भरून घेणार आणि मगच पुढे सरकणार. उभा जन्म लाद्या ओढण्यात गेला, तेव्हा थंडी आपल्याइतकी कोणाला ठाऊक, असा त्याचा तोरा. माणूस भला, पण आपलं तेच खरं करणारा.

आणि नेमकी त्याच्याच पोटी मेल्विना जन्मली. ती कुडाळच्या कॉलेजात शिकवायची आणि सुट्टी लागली की डोंगर चढायची. गेल्या वर्षी हिमाचलातल्या एका शिखरावरून तिला अर्ध्यातून परतावं लागलं. जाकीट पातळ निघालं आणि डाव्या हाताची बोटं अशी बधिर झाली, की घरी आल्यावरही कित्येक दिवस तिला मासळीचा काटा काढता येईना. सांतान शेजारी बसून काटे काढून द्यायचा आणि मग लेकीची बोटं आपल्या तळहातांत धरून चोळत राहायचा.

यंदा ती लडाखला निघाली होती. शिखर गेल्या वर्षीच्यापेक्षा उंच. सांतानने एकच अट घातली.

"जाकीट माज्या मनासारख्यां आसात तर जा. नाय तर नको."

आता सज्ञान मुलगी, न विचारताही गेली असती. पण बापाची भीती पाठीवर घेऊन तिला चढायचं नव्हतं. तिने पुण्याच्या दुकानातून दोन जाकिटं आणली. एक ठेवायचं, एक परत करायचं. मे महिन्यातल्या दुपारी, घामाच्या धारा लागलेल्या असताना, तिने ती पडवीत बापासमोर मांडली.

"ह्यां बदकाच्या पिसांचां. अगदी हलक्यां, पण ऊब सगळ्यात जास्ती. ह्यां दुसरां कृत्रिम धाग्याचां. वायच जड, ऊब कमी, पण भिजलां तरी चलता."

"भिजलां तरी चलता," सांतानने तेवढंच उचललं. "मगे इचारतंस काय? ह्यांच घी."

त्याचंही चूक कसं म्हणावं? किनाऱ्यावरच्या माणसाला थंडी भेटते ती भिजूनच. पावसात होडीवरून उतरलेला माणूस कुडकुडतो तो ओल्या कपड्यांनी. सांतानच्या कारखान्यातला बर्फही सदा घामेजलेला, पाण्याने थबथबलेला. ओल आणि थंडी या त्याच्या लेखी एका आईच्या लेकी होत्या.

मेल्विना म्हणाली, "थंय वेगळी थंडी आसा, पप्पा." पण ऐकतो तर तो सांतान कसला! दुसऱ्या दिवशी ती पेपर तपासायला कॉलेजला गेल्यावर त्याने दोन्ही जाकिटं कारखान्यात नेली आणि पाण्याच्या टाकीत बुडवली. पिसांचं बुडता बुडेना, म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरलं. बाहेर काढलं तेव्हा ते पावसात सापडलेल्या कोंबडीसारखं दिसत होतं. धाग्याचं मात्र पिळलं आणि झटकलं, की पुन्हा टरारून उभं. सांतान खूश झाला आणि दोन्ही कारखान्याच्या दारावर टांगून लेकीची वाट बघत बसला.

मेल्विनाने येऊन दोन्ही जाकिटांच्या ओल्या बाह्या चाचपल्या.

"पप्पा," ती म्हणाली, "आता एकव परत जावचां नाय."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सांतान खाली मान घालून पिसांचं जाकीट घरी घेऊन आला. आता ते वाळवणंही त्याच्याच गळ्यात पडलं. पंख्याखाली ते उलटंपालटं करायचं आणि आत पिसांचे झालेले गोळे हलक्या हाताने फोडायचे. आमच्या दमट हवेत मीठसुद्धा कोरडं राहत नाही, तिथे पिसं कशी वाळणार? पण एका संध्याकाळी त्याने जाकीट झटकलं आणि बघता बघता ते फुगू लागलं. मूठभर झालेली चिंधी त्याच्या मांडीवर उशीएवढी झाली. सांतान बघतच राहिला. बदकं त्याने जन्मभर पाहिली होती, पण त्यांच्या अंगावर असं काही असतं हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"चल," मेल्विना म्हणाली. "आता माजी परीक्षा."

कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत सांतानचा जुना दोस्त दाजी कोल्ड स्टोरेज सांभाळायचा. मासळी ठेवायची खोली, शून्याच्या खाली वीस. दाजीने जाड दार उघडलं आणि दोघांना आत घेतलं. सांतानच्या अंगात धाग्याचं जाकीट, मेल्विनाच्या अंगात पिसांचं.

पहिल्या श्वासालाच सांतानच्या नाकातले केस ताठ झाले. ही थंडी त्याच्या ओळखीची नव्हती. छताजवळच्या नळ्यांवर पांढरं काहीतरी साचलं होतं. त्याने हात उंचावून ते खरवडलं, तर पिठासारखं भुरभुरत त्याच्या बाहीवर पडलं. सवयीने तो पाणी व्हायची वाट बघत राहिला. पाणी झालं नाही. त्याने फुंकर मारली, ते उडून गेलं आणि मागे बाही कोरडी ठणठणीत.

"गो, हो बर्फ सुको आसा!" तो ओरडला.

"थंयसर सगळो असोच. वर पाऊस पडणा नाय. घामाची काळजी घेवची, म्हणान चढताना ह्यां पिशयेत ठेवचां आणि थांबल्यावर घालूचां."

सांतानला हुडहुडी भरली होती. मेल्विनाने त्याच्याशी जाकीट बदललं. पिसांचं अंगावर घेतलं तेव्हा काही घातल्यासारखंच वाटेना. मग हळूहळू छातीशी, काखेत, पाठीवर ऊब पसरत गेली.

"ह्येच्यात हीटर आसा काय? इतकी ऊब येता खंयसून?"

"तुज्याच आंगातली ती. जाकीट फकत ती भायर जावक देणा नाय."

इतकी वर्षं या अंगाने घामाशिवाय काही दिलं, असं सांतानला कधी वाटलंच नव्हतं. आणि आत हे असं धगधगत होतं, अष्टौप्रहर, न सांगता! बदकाच्या पिसांनी ते त्याला दाखवावं? आपण केवढी मोठी गोष्ट न बघता जगलो, या विचाराने त्याचे डोळे भरून आले. पापण्यांवर ते पाणीही लगेच गोठू लागलं.

समोर मेल्विना हातावर हात चोळत उभी होती. त्याचं लक्ष तिच्या डाव्या बोटांकडे गेलं. त्याने झटकन जाकीट उतरवलं, तिच्या अंगातल्या धाग्याच्या जाकिटावरूनच चढवलं, चेन गळ्यापर्यंत ओढली.

"ह्यांच घेवन जा, बाय. बिनघोर जा."

आणि मग त्याच्याने राहवेना. त्याने तिला कवटाळलं, जमेल तेवढं घट्ट.

"पप्पा, दाबू नको," मेल्विना त्याच्या खांद्यात तोंड ठेवून म्हणाली. "पिसां दबली की ऊब रवणा नाय. तेंका फुलाक जागा होयी."

"मगे असां?" त्याने हात जरा सैल केले.

"आणि वायच सैल."

दारातून दाजी हाका मारत होता, "सांतान, गोठशीत रे, भायर ये!" सांतान नुसत्या शर्टावर उभा होता आणि त्याचे दात वाजत होते, पण लेकीभोवतीचे हात त्याने तितकेच सैल ठेवले.