वन्संची चाळणी

धाकटीला जायचं होतं आणि अळी तिला जाऊ देत नव्हती. कुणाला सांगितलं असतं तर तो हसला असता, पण तीन वर्षं हेच चाललं होतं.

नवरा गेल्यावर नणंदेनं तिला आपल्या रोपवाटिकेत आणलं. काचेचं लांबट घर, आत दोनशे कुंड्या. त्या भाड्यानं कचेऱ्यांत जायच्या आणि मरगळल्या की परत यायच्या. कचेरीतल्या लोकांना वास सोसत नाही, म्हणून औषध फवारायचं नाही, अळी हातानं वेचायची. वन्संनी अडीअडचणीला आधार दिला, खोटं कशाला बोला. पण धाकटी निजायची ती काचघरामागच्या बोळात, आणि त्याला दारच नव्हतं.

आता शहराबाहेरच्या एका शाळेला माळीण हवी होती. राहायला खोली, दाराला आतून कडी. एक तारखेला हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला. अशा दोन जागा आधीच हातच्या गेल्या होत्या.

"जा ना, मी कुठे अडवलंय?" वन्सं म्हणायच्या. "एवढी अळी आटोपू दे. पानं स्वच्छ झाली की जा खुशाल."

ही अळी एका करड्या पतंगाची. तो दिवसा नजरेसही पडायचा नाही. पानाच्या पाठीवर अंड्यांचा पुंजका घालायचा, वर आपल्याच अंगची लव चिकटवायची, की त्याचं काम संपलं. चार दिवसांत अळ्या बाहेर. आधी सगळ्या एकाच पानावर खेटून जेवणार, पानाची जाळी करणार. अंगानं भरल्या की पांगणार आणि दिवसा मातीत दडी मारणार. धाकटी तांबडं फुटायच्या आत डबा घेऊन फिरायची. महिन्याभरात पानं स्वच्छ व्हायची, ती जायला पिशवी भरायची, आणि आठ दिवसांत ये रे माझ्या मागल्या.

डबा कोपऱ्यातल्या खताच्या ढिगावर रिकामा करायचा, ही वन्संची शिस्त. "झाडाचं झाडाला," त्या म्हणायच्या. तेच खत पुढे कुंड्यांत जायचं.

महिना संपायला चार दिवस होते. कुंडी भरताना धाकटीच्या हातात खताचं ढेकूळ फुटलं. आत तपकिरी, चकचकीत कोष. तळहातावर घेतला तसं त्याचं टोक वळवळलं. तिनं ढीग उकरला. दहा निघाले, वीस निघाले, मग तिनं मोजणं सोडलं. ज्या अळ्या वेचून ती इथे टाकत होती, त्या इथेच निवांत कोष करून बसत होत्या, आणि तीच त्यांना स्वतःच्या हातानं पुन्हा कुंडीत नेऊन ठेवत होती. काखेत कळसा म्हणतात तो हा. तिला हसूच आलं.

खत चाळायला हवं होतं. बारीक चाळणी धाकटी आली त्याच वर्षी तुटली होती, असं वन्संनीच सांगितलं होतं. जाळीचा एखादा तुकडा मिळतो का बघायला ती वन्संच्या खोलीत गेली. कपाटामागे जुन्या चादरीत गुंडाळलेली चाळणी उभी होती. एक तारही तुटलेली नव्हती.

मागे वन्सं येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"ही तुटली होती ना, वन्सं?"

वन्सं पलंगावर टेकल्या आणि गुडघे चोळत राहिल्या.

"तुम्हाला कोष दिसले होते."

"दिसले होते."

"चाळणी लपवलीत तेव्हापासून?"

"तू गेलीस की संध्याकाळी मी बोलू कुणाशी? कुंड्यांशी?"

धाकटीनं रागानं चाळणी उचलली. त्यातच तिला वन्संची दयाही आली, आणि त्या दयेचा जास्त संताप आला. आता जवळ बसलं तर ही एक तारीखही जाणार, हे तिला पक्कं माहीत होतं. ती चाळणी घेऊन बाहेर गेली.

तीन दिवस तिनं खत चाळलं. कोष साबणाच्या पाण्यात टाकले. वन्संनी दोन्ही वेळा तिचं ताट झाकून ठेवलं.

एक तारखेला पिशवी खांद्याला लावून, चाळणी हातात घेऊन तिनं सवयीनं काचघरात एक फेरी मारली. अगदी शेवटच्या कुंडीतलं पान उलटलं, तर पाठीवर ताजा पुंजका, लव लावलेला. एखादा पतंग आधीच सुटला असणार. काढायचं म्हटलं तर नखाचं काम. पण मग दुसरं पान बघावं लागलं असतं, मग तिसरं. तिनं पान होतं तसं सोडलं.

वन्सं फाटकाशी उभ्या होत्या.

"पानं बघितलीस?"

"बघितली."

"स्वच्छ आहेत?"

"नाहीत," धाकटी म्हणाली, चाळणी त्यांच्या हातात दिली आणि रस्त्याला लागली.