तिसऱ्या दिवसाचे टिपकागद

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी चौकट आहे. दोन जाळीदार फळ्या, मध्ये टिपकागदांची चळत आणि आवळायला दोन पट्टे, एवढाच माझा संसार. रानातून आणलेले झाडांचे नमुने माझ्यात दाबून वाळवतात. वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापक बाईंच्या पाठीवर मी चाळीस वर्षं हिंडले. बाई कडक होत्या. प्रत्येक नमुन्याला चिठ्ठी हवीच, आणि तिच्यावर नाव, ठिकाण आणि ‘कोणाला सापडलं’ हेही. सात वर्षांच्या पुतण्यानं एकदा नाल्याकाठचं गवत उपटून आणलं, तर चिठ्ठीवर त्याचं नाव लिहिलं. स्वारी महिनाभर हवेत होती!

बाई निवृत्त झाल्या आणि मी माळ्यावर गेले. कोणी विचारीना. मग एका दुपारी बाईंनी मला खाली काढलं आणि माझ्यात एक कागद दाबला. ते त्यांचं मृत्युपत्र होतं. राहतं घर विद्यापीठाला. ते विकून विद्यापीठातला वनस्पतींचा संग्रह सांभाळायचा आणि रानात अभ्यासाला जाणाऱ्या मुलींचा खर्च करायचा. जपायचा कागद चुरगळू नये म्हणून माझ्यात ठेवायची त्यांची जुनी खोड. कुठे ठेवलाय, हे मात्र कोणाला सांगितलं नाही. तिसऱ्याच दिवशी बाई गेल्या.

“सह्या केलेला मूळ कागद हवा. नाही मिळाला तर एकुलते वारस म्हणून घर तुमचंच,” मृत्युपत्र करून देणारे वकील पुतण्याला म्हणाले.

“मी काय लपवलाय का? कपाटं पालथी घातली!” तो चिडला. खोटं नव्हतं ते. पण त्याचं स्वतःचं घर भाड्याचं होतं, आणि शोधणारे हात दिवसेंदिवस सैल पडत होते.

महिन्याभरानं भंगारवाला आला. “हे लाकूड?”

“न्या.”

माझा जीव टांगणीला लागला. ओरडायला तोंड कुठून आणू? तेवढ्यात फाटकातून बाईंच्या प्रयोगशाळेतले म्हातारे मदतनीस आले. सगळे त्यांना मामा म्हणत.

“थांबा! पट्टे आवळलेत, म्हणजे आत काहीतरी आहे. तिसऱ्या दिवशी टिपकागद बदलावे लागतात, नाहीतर बुरशी धरते. कोणी बदलले का?”

“मामा, आता कशाला?”

“दोन मिनिटं थांब रे.”

पट्टे सुटले. कागद निघाला. पुतण्यानं तो उचलला आणि वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला. आसपास वकील नव्हते. मामांना चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं, आणि चष्मा घरी राहिला होता. पुतण्याचा अंगठा कागदाच्या कडेवर दाबला गेला. फाटणार, मला वाटलं.

मग त्याला मागची चिठ्ठी दिसली. बाईंचंच अक्षर. नाव: मृत्युपत्र. ठिकाण: माझं घर. कोणाला सापडलं: माझ्या पुतण्याला.

त्यानं अंगठा कडेवरून काढला. मग त्यानं वकिलांना फोन लावला.

“सापडलं,” तो म्हणाला. “मला सापडलं.”

मित्रांनो, आता विद्यापीठातल्या मुली मला पाठीवर घेऊन रानात जातात. माझं एवढंच मागणं आहे. जपून ठेवलेलं कुठे ठेवलंय, ते एका माणसाला तरी सांगा. आणि जुनं काही फेकायच्या आधी एकदा पट्टे सोडून बघा.