कुलूपवाल्याच्या लेकीचा डबा

हे कुणाला खरं वाटणार नाही, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. आजवर ज्यांना ज्यांना ही गोष्ट सांगितली, त्यातल्या एकानेही तिच्यावर विश्वास ठेवलेला नाही, आणि त्यातले दोघे तर तिथे जातीने हजर होते. तेव्हा तुम्हीही ठेवू नका. मटार तेवढे सोलत राहा. टोपली मध्ये घ्या, टरफलं डावीकडे, दाणे पातेल्यात. आणि पुढचे दोन दात पडलेल्या बाईसाहेब, पातेल्यात म्हणजे पातेल्यात, तोंडात नव्हे.

तर एक होता कुलूपवाला. खाली एका शटरचं दुकान, वर घर, आणि दुकानामागे खिडकीला टेकलेल्या खोलीत त्याचं कामाचं टेबल. त्या टेबलावर कानशी, तारा, पक्कड आणि अठरा वर्षांचा लोखंडाचा भुगा. अंगठ्याएवढ्या कुलपापासून बँकेच्या तिजोरीपर्यंत सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं. हा गल्लीतून नुसता खाकरत गेला तरी दोन-चार घरांच्या कड्या आपोआप निघतात, असं लोक म्हणायचे. लोक जरा वाढवून सांगतात. एकाच घराची निघायची.

जगात एकच गोष्ट त्याला उघडता येत नव्हती, ती म्हणजे त्याच्या सहा वर्षांच्या लेकीचं तोंड. हिरवं काही समोर आलं की ओठ घट्ट मिटायचे आणि आतून कडी लावल्याचा आवाज यायचा. म्हणून घरीदारी तिला सगळे खिट्टीच म्हणत.

खिट्टीची आई क्रेन चालवायची. लांब कुठेतरी पूल बांधायचं काम निघालं म्हणून ती महिनाभरासाठी गेली, आणि जाताना डब्याचं खातं नवऱ्याकडे सोपवून गेली. शाळेचा कागद फ्रिजवर चिकटवलेलाच होता: डब्यात रोज एक हंगामी भाजी असावी. थंडीचे दिवस, म्हणजे पालक, गाजर, बीट, मटार. आता हात कारागिराचा. त्याने पालकाचे तारे कापले. बिटाची होडी केली, तिला कोबीच्या पानाचं शीड लावलं. उकडलेल्या अंड्याला मटारचे डोळे बसवले, तेही दोन्ही बाजूंना सारखे, मोजपट्टी लावून. सगळं संध्याकाळी जसंच्या तसं परत. होडी तर इतकी जशीच्या तशी आली की शिडात सकाळचा वारासुद्धा तसाच भरलेला होता.

ही बातमी अक्काला लागली. अक्का म्हणजे त्याची मोठी बहीण. एकतीस वर्षं तिने एका मोठ्या हॉस्पिटलचं स्वयंपाकघर सांभाळलेलं. तिथले पेशंट औषधाने बरे होत नसत, तिच्यासमोर ताट संपवावं लागू नये म्हणून बरे होत.

"काय रे, पोर खाते ना नीट?" तिने फोनवर विचारलं.

"खाते की."

"काय खाते?"

"ब्रेडच्या कडा."

"आणि मधला भाग?"

"तो उंदरासाठी ठेवते म्हणाली."

"तुमच्याकडे उंदीर आहे?"

"नव्हता. आता आलाय."

मग अक्का म्हणाली, "शनिवारी येते. दुपारी एकला मुलांची जेवायची वेळ. एक वाजेपर्यंत पोरीने माझ्यासमोर भाजी खाल्ली, तर मी संध्याकाळच्या गाडीने परत. नाही खाल्ली, तर ती कॉलेजात जाईपर्यंत माझा मुक्काम तुमच्याकडे. तुझ्या त्या मागच्या खोलीत माझा पलंग बरोब्बर बसतो, मी मागच्या खेपेला पावलांनी मोजलंय. ते भंगार टेबल तेवढं काढून टाक."

"अक्का, ते भंगार नाही, माझं कामाचं टेबल आहे."

"कामाचं असेल तर रस्त्यावरही काम करेल."

सोमवारी दुपारी कुलूपवाला टेबलावर हात पसरून, शेवटची भेट घ्यावी तसा बसला होता. तेवढ्यात त्याचं लक्ष खाली गेलं. कुणा गिऱ्हाइकाची किल्ली हरवलेली पत्र्याची पेटी तिथे पडली होती. खिट्टी पोटावर पालथी पडून तिच्या कुलपाच्या भोकाला डोळा लावून पाहत होती. मग तिने नाक लावलं. मग जीभ लावून पाहिली.

"बाबा, आत काय आहे?"

"काही नाही गं. रिकामी आहे."

"मग कुलूप कशाला?"

या प्रश्नाला जगातल्या कुठल्याही कुलूपवाल्याकडे उत्तर नाही. पण याच्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला. तो तडक उठला, डब्याला भोकं पाडली, रिव्हेट मारून कडी-कोयंडा बसवला आणि त्यात पितळेचं एक कुलूप अडकवलं.

मंगळवारी सकाळी त्याने पालक, अंडं, ब्रेड भरलं, कुलूप लावलं आणि किल्ली रिबिनीत ओवून लेकीच्या गळ्यात घातली.

"आत काय आहे?" खिट्टीने विचारलं.

"तुला काय करायचंय? शाळेत न्यायचा आणि परत आणायचा. उघडायचा नाही. किल्ली नुसती सांभाळायला दिलीय."

संध्याकाळी डबा आला तो इतका चाटूनपुसून की त्यात बघून त्याने दाढी केली.

बुधवारी शटर वर केलं तर बाहेर अकरा आईबाप रांगेत. पहिलाच गृहस्थ रडकुंडीला आलेला. "अहो, माझा मुलगा बिस्किटाशिवाय कशालाच शिवत नाही."

"भाजी कुठली द्यायचीय?"

"कोबी."

"कोबीला साधं कुलूप चालेल."

मागून एक बाई म्हणाल्या, "आणि आमच्याकडे कारलं आहे."

कुलूपवाल्याने चष्मा कपाळावर चढवला. "कारल्याला तीन लिव्हरचं लागेल, ताई. त्याच्या खाली मी हमी देत नाही."

गुरुवारपर्यंत वर्गातल्या चाळीसच्या चाळीस डब्यांना कुलपं लागली. मधल्या सुट्टीत ती एकदम उघडली की असा काही खटका व्हायचा की समोरच्या छपरावरची कबुतरं उडायची ती दुसऱ्या दिवशीच परत यायची. पण पोरांना चटक लागली ती लागलीच. बिनकुलपाचं काही खायलाच तयार होईनात. एका घरी केळ्याच्या सालीला कुलूप लावावं लागलं. एका आईने फ्रिज कुलूपबंद केला आणि तासाभरात आतलं सगळं बीट गायब. वर्गाच्या कपाटालाही कुलूप होतं. ते उघडून एकाने खडू चाटून पाहिला आणि "मुळा आहे, पण जून झालाय" असं जाहीर केलं.

शेवटी वर्गाच्या बाई दुकानात आल्या. "अहो, चाळीस किल्ल्या म्हणजे डोक्याला ताप आहे. रोज अकरा हरवतात, एक सूपमध्ये सापडते. परवा शनिवारी बागेचा दिवस. सगळ्यांचं जेवण एकाच पेटीत ठेवा आणि एकच कुलूप करा."

बागेचा दिवस म्हणजे काय, तर दर हंगामाला एका शनिवारी मुलांच्या घरची मंडळी शाळेच्या आवारात जमायची. तयार भाजी काढायची, धुवायची, मोकळ्या वाफ्यांत नवं बी पेरायचं आणि मग सतरंज्या अंथरून सगळ्यांनी मिळून जेवायचं. यंदा गाजरं काढून मटार पेरायचे होते.

कुलूपवाल्याला हुरूप आला. शुक्रवारी दिवसभर खपून त्याने सात लिव्हरचं, म्हणजे किल्लीला सात खाचा लागणारं, खरबुजाएवढं कुलूप घडवलं. आणि वर अक्काला फोन करून फुशारकी मारली, "उद्या सरळ शाळेतच ये. असलं कुलूप पाहिलं नसशील, अक्का. याच्या किल्लीशिवाय हे कुणाच्या बापाला उघडायचं नाही. अगदी मलासुद्धा नाही."

शनिवारी अक्का आली ती टेम्पोनेच. मागे तीन ट्रंका आणि तो पलंग, दोरीने बांधलेला. टेम्पोवाल्याला तिने शाळेच्या फाटकाशीच थांबवलं. "इंजिन बंद करू नका," म्हणाली.

इकडे चाळीस पोरं, त्यांचे आईबाप, आजीआजोबा गुडघाभर चिखलात. एकशे त्र्याऐंशी गाजरं निघाली. नळीखाली धुतली, पुसली आणि एकूण एक पेटीत गेली. वाफ्यात एखादं राहू नये म्हणून बाईंनी काठीने माती उकरून खात्री केली. वर पालक घातलेले ब्रेड, अंडी, बीट. झाकण बसलं, कुलूप लागलं, आणि किल्ली मोठ्या विश्वासाने खिट्टीच्या गळ्यात गेली.

मग पेरणी. बाई मुलांना म्हणाल्या, "आपल्याला जे भरपूर हवं असतं ना, ते मातीत पेरायचं आणि पाणी घालायचं."

सगळ्यांनी मटार पेरले. खिट्टी विचारात पडली. मुलं चाळीस आणि किल्ली एक. हा काही न्याय झाला नाही.

एकला दहा मिनिटं कमी असताना कुलूपवाल्याने हात पुढे केला. "आण गं किल्ली."

"पेरली."

"काय केलीस?"

"पेरली. आता चाळीस येतील. तुम्ही हलवू नका, मुळं दुखावतात."

"अगं पण कुठल्या वाफ्यात?"

खिट्टीने सगळ्या वाफ्यांवरून मोकळेपणाने हात फिरवला. बारा वाफे. त्यावर चाळीस पोरांनी इतक्या प्रेमाने पाणी ओतलेलं की उभं राहावं तर बूट मातीतच राहायचा. तरी सगळे तुटून पडले. एक बटण निघालं, दोन चमचे निघाले, मुख्याध्यापकांचा दोन वर्षांपूर्वी हरवलेला चष्मा निघाला, आणि त्यांनी तो लगेच डोळ्यांवर चढवून "अरे, तुम्ही सगळे कधी आलात?" असं विचारलं. किल्ली काही निघाली नाही.

कुलूपवाल्याने तारा काढल्या. कुलपाला कान लावला, फुंकर मारली, कुणाच्या केसांतला आकडा घेऊन आत फिरवला. कुलूप ढिम्म. आपणच इतकं मन लावून केलेल्या कामाचा त्याला जन्मात पहिल्यांदा राग आला. घामाच्या धारा नाकावरून कुलपावर पडत होत्या आणि डोळ्यांसमोर आपलं टेबल रस्त्याच्या कडेला, पावसात भिजत उभं दिसत होतं.

"तूच केलंस ना हे?" अक्काने वाकून विचारलं.

"हो."

"छान झालंय."

भोवती चाळीस पोरांनी भोकाड पसरलं. कुणी गाजरासाठी रडतंय, कुणी बिटासाठी. "पालक! पालक!" म्हणून एक जण तर जमिनीवर लोळला.

"ऐक, अक्का, ऐक," कुलूपवाला काकुळतीला आला. "भाजीसाठी रडतायत पोरं!"

"रडणं म्हणजे खाणं नव्हे. पोटात गेलं पाहिजे." तिने घड्याळ पाहिलं. फाटकातून टेम्पोवाला ओरडला, "बाई, पलंग उतरवू का?"

"दोन मिनिटं आहेत. तोवर दोऱ्या सोडा."

कुलूपवाल्याने पुन्हा कुलपात तार खुपसली. तेवढ्यात त्याच्या कोपराला कुणीतरी ढोसलं.

"बाबा, सरका."

खिट्टी पेटीसमोर मांडी घालून बसली. कुलपाच्या भोकाला आधी डावा डोळा लावला, मग उजवा. मग एक गाजर घेतलं आणि सशासारखं पुढच्या दातांनी कुरतडायला लागली. एक खाच उथळ, एक खोल. मध्येच भोकात डोकावायची, मान हलवायची, पुन्हा कुरतडायची. चौथी खाच जरा जास्त गेली, तर ते गाजर टाकायचं कशाला म्हणून कराकरा खाऊन टाकलं आणि दुसरं घेतलं. त्याची सहावी खाच बिघडली. तेही गेलं पोटात. अक्काने नाकावरचा चष्मा वर सरकवला. कुलूपवाला बोटांवर खाचा मोजायला लागला.

तिसरं गाजर. सात खाचा. खिट्टीने ते आत सरकवलं, जीभ बाहेर काढली आणि फिरवलं.

खट्!

झाकण उघडलं आणि पोरं आत उड्या मारल्यासारखी तुटून पडली. अक्का मात्र जागची हलली नाही. "दोन गाजरं," ती पुटपुटली. "अख्खी. सालासकट. एकला एक मिनिट कमी असताना." मग फाटकाकडे वळून तिने आवाज दिला, "दोऱ्या बांधा हो परत!" मग पालकाचा एक ब्रेड खाल्ला, "मीठ कमी आहे" म्हणाली, आणखी तीन खाल्ले, आणि संध्याकाळच्या गाडीने ट्रंका-पलंगासकट परत गेली. टेबल अजून त्या खिडकीतच आहे. आणि गाजराची ती किल्ली कुलूपवाल्याने दुकानात सगळ्यात वर टांगलीय. बँकेची माणसं अजूनही ती उसनी न्यायला येतात, आणि दर थंडीत तिला नवा पाला फुट—

"थांबा, थांबा!" पुढचे दोन दात पडलेली ओरडली. "सगळी गाजरं तर पेटीत होती. एकूण एक! आणि पेटीला कुलूप होतं. मग तिने कुरतडली ती गाजरं आली कुठून?"