सुभेदारांनी मला उलटं बसवलं

मित्रांनो, सायकल दिसली की तुमचं लक्ष चाकांकडे जातं. घंटी असली तर घंटीकडे. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं शर्यतीच्या सायकलचं जुनं हँडल, तो मी. तक्रार नाही, नुसती ओळख करून देतोय.

लुधियानाच्या कारखान्यात सरळ नळी होतो, तिथं मला वाकवलं. ते वाकवणं उगाच नव्हतं. माझ्यावर हात ठेवायच्या तीन जागा आहेत. चढाला, दमलेल्या माणसानं वरचा आडवा दांडा धरावा. एरवी ब्रेकच्या मुठींवर तळवे टेकावेत. उतार असला, समोरून वारा असला, की खालच्या वळणात हात घालून वाकावं. तिथून ब्रेकही घट्ट दाबता येतो. इतकं सोपं आहे, म्हणूनच कुणी ऐकत नाही.

पुण्यातल्या एका कॉलेजकुमारानं माझ्यावर ओले टॉवेल वाळवले आणि कंटाळून सायकल विकली. तसा मी साताऱ्याला, निवृत्त सुभेदार लालासाहेबांच्या घरी आलो. त्यांच्या मुलीला, संयोगिताला, जिल्ह्याच्या सायकल संघात जायचं होतं. दिवाळीआधी निवड चाचणी होती आणि तिच्या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष. तिचे हात माझ्यावर नीट बसायचे. ते बरे दिवस होते.

सुभेदारांची उभी हयात जवानांना छाती पुढं काढायला लावण्यात गेलेली. पोटची पोर वाकून पेठेतून जाते हे त्यांना बघवेना. खंडेनवमीला, हत्यारांच्या पूजेच्या सकाळी, त्यांनी पाना घेतला आणि माझी वळणं वर फिरवली. मेंढ्याचा बैल झाला. त्यावर हळदकुंकू आणि झेंडूची माळ.

“आबा, ब्रेकला बोटं पुरत न्हाईत. हाताला मुंग्या येत्यात,” संयोगिता म्हणाली.

“सवय लागंल. फौजीची पोर हायस, वाकून काय जातीस?”

“शर्यत हाय ती, परेड न्हाई.”

“पूजा झालीया. आता पुढच्या खंडेनवमीपतूर त्याला पाना लागायचा न्हाई.”

तिची आई शालूबाई आतून म्हणाल्या, “आवं, एकदा सोता बसून तरी बघा.”

सुभेदारांना हे आव्हान वाटलं. दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन यवतेश्वरच्या घाटात गेले आणि उतारावर ताठ बसून निघाले. सगळा वारा छातीवर. वळणावर म्हशी आल्या. बोटं ब्रेक शोधू लागली. ब्रेक आभाळाकडे तोंड करून बसलेले. आम्ही रस्त्याकडेच्या कडब्याच्या गंजीत थांबलो. म्हशींनी आमच्याकडे पाहिलं आणि पुढे गेल्या.

घरी येऊन त्यांनी मिशीतला कडबा काढला आणि पाना मागितला.

“पूजा झालीया न्हवं?” शालूबाईंनी विचारलं.

“हत्यार उलटं धरल्यावर देव तरी काय करंल,” सुभेदार म्हणाले. मग मुलीकडं न बघता, “ये गं, बस. कुठं पायजे ते सांग.”

ती बसली. मनगट सरळ, कोपर सैल, बोटं ब्रेकवर सहज. तिथं त्यांनी मला आवळलं.

चाचणीचा दिवस आला. संघात जागा दोनच. एक मुलगी केव्हाच लांब गेलेली, दुसरी आमच्या थोडी पुढं, ताठ. शेवटचा उतार आला. संयोगिताचे हात खालच्या वळणात गेले. रस्त्याकडेला सुभेदार उभे होते.

“वाक, पोरी. आजून वाक.”

शेजारी कृष्णात होता, त्यांच्याच पलटणीतला. “सुभेदार, वाक म्हंताय? तुमी?”

“गप रं.”

ती आणखी वाकली. वारा वरून निघून गेला, आणि ती ताठ मुलगी मागं पडली. संघाच्या यादीत संयोगिताचं नाव शेवटचं होतं, पण होतं.

मित्रांनो, माझ्यावर गुंडाळलेली पट्टी फाटली तर बदला. बोल्ट ढिले नाहीत ना, तेवढं बघत जा. आणि मला जुळवायचं तर चालवणाऱ्याच्या हाताला जुळवा, बघणाऱ्याच्या डोळ्याला नको. मी वाकलेलाच बरा आहे. फार सुधारू नका. दमतो मी.