मचाणाच्या पायऱ्या

रुपालीचा फोन एरवी रविवारी संध्याकाळी यायचा. कशी आहेस, बरी आहे, बाबा कसे आहेत, तेही बरे आहेत, की संपला. त्यामुळे शनिवारी सकाळीच फोन वाजला आणि श्रीरामनी हॉलमधून "अगं, रुपूचा आहे," अशी हाक मारली, तेव्हा पद्मिनीबाई हातातली समई तशीच ठेवून उठल्या. पूजेतून मध्येच उठणं त्यांना माहीत नव्हतं.

"आई, माझी कार रिपेअरला दिलीय. तुला आज वेळ आहे का? एका स्टोअरमध्ये जायचंय."

"आहे की. कुठल्या?"

"हंटिंगच्या."

पद्मिनीबाईंनी फोनची वायर बोटाला गुंडाळली, सोडली. "येते," म्हणाल्या. "आंघोळ झालीय माझी."

दोन वर्षांपूर्वी याच शब्दावरून घर रिकामं झालं होतं. ऑफिसातल्या मित्रमैत्रिणींबरोबर रुपाली धनुष्यबाणाची शिकार शिकली, आणि ऐन एकादशीच्या दिवशी हरणाच्या मांसाचं पुडकं तिनं फ्रीजरमध्ये, वाटाण्यांच्या पिशवीशेजारी ठेवलं. पद्मिनीबाई ओरडल्या नाहीत. त्यांना ओरडता यायचंच नाही. "हे या घरात नको गं," एवढंच हळू म्हणाल्या. पोरीनं पुडकं उचललं आणि पुढच्या आठवड्यात स्वतःचे कपडेही. मिशिगनमधल्या त्याच ट्रॉय गावात, त्यांच्या घरापासून जवळच अपार्टमेंट घेतलं. "आई ओरडली असती तर भांडता आलं असतं, बाबा," असं ती नंतर श्रीरामना म्हणाली होती. तेव्हापासून पद्मिनीबाईंच्या मनात एकच होतं: पोरगी परत यावी. देवापाशी दुसरं काही मागायचं त्यांनी बंद केलं होतं.

गाडीत रुपालीनं सीटबेल्ट लावला. "आज तुझा उपास असेल ना?"

"शनिवार आहे."

"मग मी कॉफीला थांबायला सांगत नाही."

"कॉफी चालते मला उपासाला," पद्मिनीबाई लगबगीनं म्हणाल्या. पण तोवर वळण मागं पडलं होतं.

दुकान मोठं होतं. रबराचा आणि तेलाचा वास येत होता. भिंतीवरून हरणांची मुंडकी बघत होती. पद्मिनीबाईंनी त्यांच्याकडे बघायचं टाळलं आणि पदर खांद्यावरून पुढे घेतला. झाडाला टांगायचं मचाण रुपालीनं आधीच घेतलं होतं. लोखंडी फळी, मागं साखळी, झाडाला आवळून बसायची. प्रश्न होता तो मचाणापर्यंत चढायचा.

गॅरी नावाचा लाल दाढीचा विक्रेता पुढं आला. पद्मिनीबाईंकडे, त्यांच्या कुंकवाकडे, नऊवारीची सवय मोडून नेसलेल्या पाचवारीकडे बघून त्यानं आदबीनं काहीतरी विचारलं.

रुपालीला हसू आवरेना. "आई, तो विचारतोय, तू पण हंटिंगला जाणार का."

"सांग त्याला, माझा उपास आहे."

रुपालीनं ते इंग्रजीत सांगितलं. गॅरीला कळलं नसावं, पण तोही हसला. लेकीचं ते मोकळं हसणं पद्मिनीबाईंनी किती दिवसांनी ऐकलं. आता आणखी एखादं काही सुचावं, असं त्यांना वाटलं. सुचलं नाही.

गॅरीनं दोन प्रकार दाखवले. एक म्हणजे क्लाइंबिंग स्टिक: उभी लोखंडी दांडी, तिला दोन्ही बाजूंना पाय ठेवायचे खुंट, पट्ट्यानं खोडाला बांधायची. एकावर एक अशा दांड्या लावत जायच्या. दुसरा प्रकार म्हणजे सुट्या पायऱ्या. एका टोकाला स्क्रूसारखा पेच, तो हातानं फिरवून खोडात घुसवायचा आणि बाहेर राहिलेल्या आकड्यावर पाय ठेवायचा.

"मी स्टिकच घेणार," रुपाली म्हणाली. नमुन्याची एक दांडी तिथल्या खांबाला बांधलेली होती. ती चढून बघायला लागली. पहिला खुंट ठीक. दुसऱ्यासाठी तिला गुडघा जवळजवळ छातीपर्यंत आणावा लागला, आणि खालचा पाय टाचेवरून उचलून चवड्यावर आला. क्षणभर सगळा भार त्या चवड्यावर.

पोरीची उंची पद्मिनीबाईंचीच होती. स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटाशी त्या रोज अशाच चवड्यावर उभ्या राहायच्या.

"हे पुरुषाच्या ढांगेचं आहे," त्या म्हणाल्या.

"चालतं गं. सवय होते."

"जाड बूट घालून? पहाटे अंधारात? दंव पडलेलं असताना?" त्यांनी सुटी पायरी उचलून हातात तोलली. "ही आपल्याला हवी तिथं लावता येते ना? जवळ जवळ?"

गॅरीला विचारलं. येते, तो म्हणाला. फक्त मचाणाच्या वरपर्यंत पायऱ्या लावा, म्हणजे फळीवर वरून उतरता येतं, खालून झेपावावं लागत नाही.

"मग हीच घे."

रुपालीनं त्यांच्या हातातून पायरी काढून परत ठेवली. आवाज खाली आणला. "आई, ही झाडात घुसवायची असते. तुझा चातुर्मास चाललाय. तू पान तोडत नाहीस."

चार महिने आपल्या हातानं झाडाला इजा करायची नाही, हे पद्मिनीबाईंचं गेल्या कितीतरी वर्षांचं व्रत. खिडकीतल्या जास्वंदीचं आपोआप गळलेलं फूल तेवढं त्या देवाला वाहायच्या. हे पोरीच्या ध्यानात असेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. आणि ती आखूड पायांनी पुरुषाच्या ढांगा टाकायला निघाली होती, ती यासाठी.

"ते मी बघते देवाचं," त्या म्हणाल्या. "हरणाबद्दल मी बोलत नाही. मला ते कधीच आवडायचं नाही, रुपू. पण तू पडलेली मला चालायची नाही."

रुपालीनं पायऱ्यांची थैली घेतली. काउंटरवर जाऊन पैसे भरले.

गाडीच्या डिकीत मचाण होतंच, दोघी तडक जंगलाकडे निघाल्या. ते लपीअर गावाच्या बाजूला, एका म्हाताऱ्या बाईंच्या शेताच्या कडेला होतं. "मेपलच्या झाडांना हात लावू नका, मी त्यांच्या रसाचा पाक काढते. ओकचं काय हवं ते करा," असं त्या बाईंनी बजावलं होतं. दुपारचं ऊन पानांतून गाळून खाली येत होतं. रुपालीनं एक सरळ ओक निवडला, कमरेचा पट्टा खोडाभोवती घालून घेतला आणि थबकली.

"तू कारमध्ये बस ना, आई. बघू नकोस."

"आण इकडे."

"काय?"

"पहिली मी लावते. व्रत माझं आहे, मोडायचं तर माझ्या हातानं मोडू दे. तू माझ्यासाठी चोरून केलंस असं नको."

त्यांनी चप्पल काढली. खोडाला हात लावून तो कपाळाला लावला, ओठांतल्या ओठांत काही म्हणाल्या. मग पेच सालीवर टेकवून फिरवायला लागल्या. ओकचं लाकूड कडक. बांगड्या मागं सारल्या, दोन्ही हातांनी जोर लावला. सालीचा भुगा मनगटावर पडला, ओला, आंबूस वासाचा. शेवटी आकडा घट्ट बसला. तळहात लाल झाले होते. रुपाली बघत होती, आणि "बस झालं" असं म्हणायला तिचं तोंड उघडलेलं तसंच राहिलं होतं.

पुढच्या तिनं लावल्या. एक लावायची, तिच्यावर चढायचं, पट्टा वर सरकवायचा, दुसरी लावायची. पद्मिनीबाई खालून पायऱ्या देत राहिल्या. आधी छातीशी, मग डोक्यावर हात करून, मग चवड्यावर. मग हात पोचेना. रुपालीनं दोर सोडून थैली वर ओढून घेतली, आणि आता त्यांच्याजवळ द्यायला काही उरलं नाही. वर फक्त बुटांचे तळवे दिसत होते. पोरगी पाळण्यात असताना असेच तळवे दिसायचे.

पायऱ्या जवळ जवळ लागल्या होत्या. गुडघा कुठंच छातीशी येत नव्हता.

मचाणही दोरानंच वर ओढून टांगून झालं. रुपाली वरून फळीवर उतरली आणि बसली. बराच वेळ दूर कुठंतरी बघत राहिली.

"काय दिसतंय?" पद्मिनीबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज मुळातच लहान. तो वरपर्यंत गेला नाही. त्यांनी घसा खाकरला आणि आयुष्यात कधी काढला नव्हता एवढा मोठा आवाज काढला. "रुपू! घरी येशील का गं?"

एक खार शेजारच्या झाडावरून तुरतुर पळाली. रुपालीनं वाकून खाली पाहिलं.

"जेवायला?"

"राहायला."

तिचा आवाज मऊ होता, अगदी आईचा. "राहायला नाही, आई. माझं आता तिकडे लागलंय सगळं. जेवायला येईन. दर रविवारी येईन, प्रॉमिस."

पद्मिनीबाईंनी मान हलवली. वरून दिसली असेल नसेल.

"वरण-भात करीन," त्या म्हणाल्या. "आणि तुला आवडतं ते मेतकूट आलंय इंडियाहून."

"लिंबू पण."

"लिंबू पण. ये आता खाली. सावकाश ये."

रुपाली उतरायला लागली. पाठ त्यांच्याकडे, बूट चाचपत, पायरीमागून पायरी. पद्मिनीबाई खोडाशी सरकल्या आणि दोन्ही हात वर करून, बुटाला न लावता, बुटाखाली धरून उभ्या राहिल्या.