सात श्वास आणि न हलणारा कलश

पालखी धावत होती आणि तिच्यातला पाण्यानं भरलेला तांब्याचा कलश हलत नव्हता. चौघे भोई ढेकळांत ठेचकाळत होते, पालखी डावी-उजवीकडे हेलकावत होती. फुलांच्या राशीतून डोकं काढलेला कलश मात्र देव्हाऱ्यात ठेवल्यासारखा सरळ. एप्रिल २०१६. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, मुरुडजवळच्या हिंगळवाडीला तेवढंही नव्हतं. सगळं गाव पालखीमागे पळत होतं.

"धरणी हलंल, जलदेवी हलणार न्हाई!" पालखीपुढं पळणारे मठाचे जलानंद महाराज ओरडले. "ती मान वाकवंल तिथं दोष!"

कलश वाकला तो बौद्धवस्तीच्या विहिरीपाशी.

"हीच पाण्याची वाट अडवून बसलीया," महाराज म्हणाले. " बुजवा! मग मठाच्या बोअरला गंगा लागंल. सांजच्याला अखेरचा कौल."

जेसीबी शेजारी उभाच होता. वस्तीला दिवसाकाठी चाळीस घागरी देणारी तेवढीच विहीर. वस्तीतली केवळाबाई घागर घेऊन तिच्या काठावर बसली. "मला आत घालून बुजवा म्हणावं."

तिची पुतणी पंचशीला कलशाकडं निरखून बघत होती. ती लातुरात आयटीआयला शिकवायची. कोरड्या तलावाचे फोटो रिमोटच्या विमानातून घ्यायला ती गावी आली होती. विमानात फोटो थरथरत, म्हणून कॅमेऱ्याची बैठक तिनं स्वतः बनवली होती: विमान उजवीकडे कललं की बैठकीतल्या मोटरी कॅमेऱ्याला तेवढंच डावीकडे फिरवतात. कॅमेरा सरळच राहतो.

तिला दोन गोष्टी खटकत होत्या. एक, बेचाळीस डिग्रीत महाराजांचा चेला घोंगडी पांघरून फिरत होता. दुसरी, पालखी उचलण्याआधी महाराज दरवेळी सगळ्यांना सात श्वास गप्प उभं करीत. "कुणी पालखी हलवली तर देवी रुसंल!" पंचशीलाची बैठकही सुरू होताना काही सेकंद हलवून चालत नसे. 'सरळ' म्हणजे काय, हे ती तेव्हाच ठरवते. त्यात धक्का बसला, की मग वेडंवाकडं करते. किनवटला तिची अख्खी सकाळ अशीच वाया गेली होती.

पुढची दांडी सिद्धरामच्या खांद्यावर असायची. त्याचं किराणा दुकान होतं आणि शाळेत तो तिच्याच वर्गात होता.

"सिद्धराम, सात श्वासांत पालखी हलव."

"येडी का काय? देवाशी खेळ करू म्हणतीस?"

"देव असला तर दोन धक्क्यांनी काय बिघडंल त्याचं?"

सिद्धराम विहिरीकडं, मग केवळाबाईकडं बघत राहिला. "लहानपणी इथलंच पाणी प्यालो की मी," तो पुटपुटला.

संध्याकाळी महाराजांनी हात वर केला. गर्दी गप्प झाली. तिसऱ्या श्वासाला सिद्धरामनं जमिनीवरच्या पालखीची दांडी धरून गदागदा हलवली.

"अरं, अरं! काय करतुयास?" महाराजांचा आवाज चिरकला.

भोयांनी पालखी उचलली. कलश हळूहळू आपोआप कलू लागला, मग कुर्र आवाज करत थरथरला आणि त्यानं पाणी थेट महाराजांच्या छातीवर ओतलं.

"देवीनं दोष दावला!" केवळाबाई म्हणाली. आधी बाया हसल्या.

पंचशीलानं फुलं बाजूला सारली. खाली मोटरी, तारा, बॅटरी. सिद्धरामनं घोंगडी ओढली. चेल्याच्या हातात रिमोट होता. तिनं त्याची कांडी दाबली. कलश वाकला. उलटी दाबली, सरळ झाला.

"महाराज, मठाकडं वाकवू का जेसीबीकडं?"

मग तिनं आपली बैठक पिशवीतून काढली, कलशाशेजारी ठेवली आणि मुद्दाम हलवत चालू केली. कॅमेरा तसाच कलला. गर्दी बघायला पुढं सरकली. महाराज जीपकडं निघाले, पण जीपच्या आडवी माणसं उभी होती. पोलिसांना फोन सिद्धरामनंच केला.

जेसीबीवाल्यानं विचारलं, "मग माती कुठं टाकू?"

"टाकू नको. विहिरीतला गाळ काढ," पंचशीला म्हणाली.

"पाणी लागंल का गं?" सिद्धराम म्हणाला.

"खात्री न्हाई देत. काढू, मोजू, बघू. आन् कुणी खात्री दिली ना, मी दिली तरी, आधी असंच हलवून बघायचं."

केवळाबाई काठावरून उठली. तिनं घागर बाजूला ठेवली आणि गाळाचं पहिलं टोपलं मागितलं.