मंगळवारपासून सगळ्यांसाठी

तिने शेवटच्या परिच्छेदावरून बोट फिरवलं, तो निळा झाला, आणि आता पुसणार एवढ्यात संपादकाचा फोन आला.

“ताई, शेवटचं उडवलंत ना?”

“उडवतेच आहे.”

“उडवाच. तिथवर आला की वाचक हिरमुसतो.”

परिच्छेद उडाला. त्यात फारसं काही नव्हतंच, दोन ओळी होत्या. ही सोय सध्या अकरा भाषांत मिळेल, बाकीच्यांबद्दल कंपनीने काही सांगितलेलं नाही. त्या अकरांत तिची भाषा नव्हती. कधीच नसायची. परदेशातली बातमी सकाळी यायची, ती तिला आपल्या भाषेत आणायची, आणि तळाच्या दोन ओळींना कात्री लावायची. असा नियम कुठे लिहून ठेवलेला नव्हता. पण सहा वर्षांत तिचा हात आपोआप तिकडे वळायला लागला होता, भाजी निवडताना देठाकडे वळतो तसा.

उरलेली बातमी मात्र झोकात होती. समोरचा माणूस जे बोलेल ते ऐकून फोन जसंच्या तसं अक्षरांत दाखवणार होता, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. तिने मथळा दिला, ‘मंगळवारपासून सगळ्यांसाठी, सगळीकडे’.

हे ‘सगळे’ कोण, याचा ती पूर्वी बराच विचार करायची. अशा बातम्या लिहिणाऱ्यांच्या मनात एकच माणूस बसलेला असावा, असं तिला वाटायचं. त्याच्या खिडकीबाहेर बरोबर त्यांनी सांगितलेल्या महिन्यात पानं गळतात. त्याचं टेबल स्वच्छ असतं, फोनच्या काचेला तडा नसतो, कोपऱ्यावर दुकान असतं आणि त्या दुकानात सगळं आजच आलेलं असतं. दुपारी डोळा लागला की कधी कधी तो तिला दिसायचा, पाठमोरा. ती हाक मारायची. तो वळायचाही, पण बघायचा तिच्या खांद्यावरून मागे, दुसऱ्याच कुणाकडे. तिला त्याचा राग यायचा नाही. त्याच्या खोलीतला उजेड तिला इतका आवडायचा की जाग आल्यावर आपली खोली थोडा वेळ परकी वाटायची.

तिच्या बातम्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचणारा खरा वाचक एकच होता आणि तो घरातच होता. वडिलांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. दोन वर्षांपूर्वी त्यांचे कान गेले, म्हणजे अगदीच गेले. कानातलं यंत्र आणलं, त्यातून नुसती शिट्टी वाजायची, तेव्हापासून ते खणात पडून होतं. घरात सात घड्याळं चालू होती आणि त्यांतल्या एकाचीही टिकटिक त्यांना ऐकू येत नव्हती. सकाळी उठून ते प्रत्येकाच्या अंगाला बोट लावून बघत, आतला ठोका बोटाला लागला की पुढच्याकडे जात. त्यांच्याशी बोलायचं तर बैठकीच्या टेबलावर वही ठेवलेली असे, तीत लिहायचं. ते तोंडी उत्तर देत, आणि आवाजाचा अंदाज नसल्यामुळे ते शेजाऱ्यांनाही कळे.

शनिवारी ते फोन पुढे धरून तिच्या खोलीत आले.

“मंगळवारपासून!” ते म्हणाले. “सगळ्यांसाठी लिहिलंयस.”

तिला मान आडवी हलवायची होती. हलली ती उभी. वडील इतके हसले की त्यांची कवळी सैल झाली.

रविवारी आत्या आली. ती दर रविवारी यायची, भावासमोर बसून तासभर बोलायची, आणि तो तासभर मान डोलवायचा. त्याला त्यातलं काही कळत नाही हे तिला ठाऊक होतं. तिला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होतं. पण बोलणं बंद करायचं कुणी, हा प्रश्न दोघांनीही काढला नव्हता. आत्याची बोटं संधिवाताने वाकडी झाली होती, पेन हातात राहत नसे, म्हणून वही तिच्या कामाची नव्हती.

त्या दिवशी ती आधी स्वयंपाकघरात आली.

“गुरुवारी मी जातेय गं. मुलाकडे, कायमची. त्याच्या आधी दादाला एक गोष्ट सांगायचीय.”

“मी लिहून देते ना वहीत.”

“छे. मधे कुणी नको. आयुष्यभर आम्ही मधे कुणाला न घेता भांडलो, आता शेवटी मध्यस्थ कशाला?” असं म्हणून तिने भाचीच्या गालाला वाकड्या बोटांनी हात लावला. “तुझा राग नाही हो. पण काही गोष्टी ज्याच्या त्यालाच सांगायच्या असतात.”

बैठकीत जाऊन तिने तोंड उघडलं मात्र, वडिलांनी हात वर केला.

“आज नको, चिमे. मंगळवारी ये. मंगळवारी मला सगळं कळणार आहे. पोरीने छापलंय.”

आत्याने दाराकडे, भाचीकडे पाहिलं. तिच्या नजरेत कौतुक होतं. भाचीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी दुपारी तिने वही उचलली आणि पेन दाबून दाबून एका दमात लिहिलं, ‘बाबा, ते आपल्या भाषेत नाही. तळाला तसं लिहिलं होतं. ती ओळ मी काढली.’ वही घेऊन ती त्यांच्या खोलीत गेली. ज्या हिरव्या कापडावर ते घड्याळं उघडून ठेवत ते त्यांनी कपाटातून काढून टेबलावर अंथरलं होतं. कापडाच्या मधोमध फोन ठेवून ते मऊ फडक्याने त्याची काच पुसत होते. डोळ्याला भिंग लावलेलं होतं. काचेच्या कोपऱ्यातला तडा फडक्याने जाईल अशी त्यांची समजूत नव्हती, तरी ते पुनःपुन्हा तिथेच पुसत होते.

तिने पान फाडलं, घडी करून खिशात टाकलं आणि वही बैठकीत होती तिथे ठेवून दिली.

मंगळवार उजाडेपर्यंत तिने दुसरा उपाय काढला होता. घरातल्या सामानाची यादी दोघांच्याही फोनवर एकाच पानावर असे. तिने इकडे काही लिहिलं की ते त्यांच्याकडे लगेच उमटायचं. सकाळी तिने त्यांच्या फोनवर ते पान उघडलं, अक्षरं मोठी केली, अंगठा वर करून खूण केली आणि फोन बैठकीत आणून अंथरलेल्या हिरव्या कापडावर ठेवला. वडिलांनी भक्तिभावाने पाहिलं. वर अजून ‘साबण, दोन’ दिसत होतं. ती स्वयंपाकघरात धावली आणि साबण पुसून टाकला.

बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये भांडी सरकवायची एक खिडकी होती. तिचं दार बोटभर उघडं ठेवून ती लॅपटॉपसमोर बसली. ओट्यावर ऊन आलं होतं. पलीकडे खुर्च्या सरकल्या. आपण करतोय ते चुकीचं आहे, आत्याने नको म्हटलेलं तेच आहे, हे तिला स्वच्छ कळत होतं. पण आता उठून काय सांगणार?

“दादा, ऐकू येतंय का रे?” आत्याने विचारलं.

तिची बोटं धावली.

क्षणभराने वडील म्हणाले, “दिसतंय.”

आत्या हसली, मग नाक ओढलं, आणि बोलायला लागली. ती भराभर बोलायची. भाची मागे राहायची, पुन्हा गाठायची. हळूहळू तिला शब्दांचा अर्थ लागेनासा झाला. कानातून येत होतं ते बोटांतून जात होतं, मधे ती नव्हतीच. ऊन ओट्यावरून लॅपटॉपवर आलं. डोळे अर्धे मिटले तेव्हा तो माणूस दिसला, त्याच्या स्वच्छ टेबलाशी, पाठमोरा. टेबलावर आज हिरवं कापड होतं.

“आपल्या वडिलांचं खिशातलं घड्याळ,” आत्या सांगत होती. “ते मी फोडलं रे. मला आत काय हलतं ते बघायचं होतं. आणि त्यांनी विचारलं तेव्हा मी तुझं नाव सांगितलं. तुला शाळेतून काढलं, घड्याळाच्या दुकानात बसवलं, नुकसान भरून काढायला. तू आयुष्यभर तिथेच बसलास. तुला मास्तर व्हायचं होतं. मला रोज वाटायचं सांगावं. तुला ऐकू येत होतं तोवर माझी जीभ रेटली नाही, आणि आता...”

वडील वाचत असावेत. मग त्यांचा तो घरभर जाणारा आवाज आला.

“अगं, मला माहीत होतं.”

“काय?”

“त्या घड्याळात तुझ्या केसांची पिन अडकली होती. दुकानात बसवल्यावर पहिलं तेच उघडलं मी. दुसऱ्या कुणाला दिसू नये म्हणून काढून घेतली. अजून आहे खणात, त्या कानाच्या यंत्राशेजारी.”

“मग कधी बोलला का नाहीस?”

तिने तेही लिहिलं. लिहिताना तिला समोरचं नीट दिसत नव्हतं, डोळे भरले होते.

“तू सांगशील म्हणून थांबलो. उशीर केलास थोडा,” वडील म्हणाले. आणि दोघंही हसायला लागले, एक मोठ्याने, एक हळू. सात घड्याळांतलं एक वाजलं, ते तिघांपैकी दोघींनी ऐकलं.

मग आत्याचा आवाज खाली आला.

“आणि एक सांगायचंय. डॉक्टरांनी माझा प्रवास बंद केलाय. हा एवढा गुरुवारचा, शेवटचा. एकदा तिकडे गेले की मी परत यायची नाही, दादा. आजची भेट शेवटचीच समज.”

बोटं थांबली.

पडद्यावर ‘आणि एक सांगायचंय’ एवढं उमटलं होतं. पुढे रेघ लुकलुकत होती. पुढचं लिहिलं नाही तर वडील दर रविवारी कपडे बदलून बसतील, दाराकडे बघतील, उन्हाळ्यात येईल, थंडीत येईल म्हणतील. वाट बघण्यात माणसाचे दिवस बरे जातात. आत्ताच तर कुठे ते हसले होते. तिचा हात मागे पुसायच्या बटणाकडे गेला, आणि ‘आणि एक सांगायचंय’ हेही अक्षर अक्षर करत मागे गेलं.

पलीकडून वडिलांनी हाक मारली. फोनला नव्हे, खिडकीच्या दिशेने.

“पोरी, शेवटची ओळ राहिली.”

आत्याची खुर्ची करकरली.

“तिचे ओठ हलताना दिसले मला,” वडील म्हणाले. “मान खाली घालून बोलली ती. लिही.”

तिने लिहिलं. डॉक्टर, प्रवास, गुरुवार, परत यायची नाही, शेवटचीच. एक शब्दही गाळला नाही. लिहून झाल्यावर दोन्ही हात मांडीवर ठेवले. पलीकडे वडील बराच वेळ वाचत होते, दोन ओळी वाचायला लागतो त्याहून खूप जास्त.

“मग मी येतो,” ते म्हणाले.

आत्या काहीतरी पुटपुटली. भाचीला ते लिहायचंही भान राहिलं नाही. रस्त्यात एकदा मागून आलेल्या मोटारीचा भोंगा कळला नव्हता, तेव्हापासून दोन वर्षांत वडील कोपऱ्याच्या पुढे गेले नव्हते.

“तुला नाही येता येत ना? मग मी येतो. पोरगी आणील मला. कुठली गाडी, कुठे उतरायचं, सगळं सांग तिला. ए, बाहेर ये गं, आणि वही घे!”

ती डोळे पुसून बाहेर आली. आत्याकडे बघायची तिची हिंमत होईना.

“मधे कुणी नको म्हटलं होतं मी,” आत्या म्हणाली. मग आपली वाकडी बोटं तिच्यापुढे धरून म्हणाली, “दमली असशील. केवढी भराभर बोलते मी.”

तिने वही ओढून घेतली. वरचं पान कोरं नव्हतं. त्यावर कुणीतरी पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासली होती, आणि त्या करड्या रंगातून तिचंच अक्षर पांढरं होऊन वर आलं होतं, काल दाबून लिहिलेलं, मग फाडून खिशात टाकलेलं. ‘ती ओळ मी काढली’ हे शब्द सगळ्यांत ठळक होते. पानाच्या कडेला वडिलांची पेन्सिल होती, आणि शेजारी भिंग.

तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते फोनची काच फडक्याने पुसत होते, त्या तड्याच्या जागी.

तिने पान उलटलं.

“सांग आत्या, पत्ता,” ती म्हणाली. “शेवटपर्यंत सांग.”